खाशाबा जाधव : मद्रासचा एक गुण, हेलसिंकीचा अर्धा तास

मैलापूर (चेन्नई) : पल्लव राजा पहिला नरसिंहवर्मन यास मामल्ल, म्हणजे महामल्ल, अशी पदवी होती. मैलापूरच्या दक्षिणेस समुद्रकिनाऱ्याने सुमारे ५० किलोमीटर अंतरावर असलेले मामल्लपुरम त्याच्याच नावाने ओळखले जाते. मल्लविद्येचा मान राजाच्या पदवीत मिरवणाऱ्या याच किनाऱ्यावर, तेव्हाच्या मद्रास शहरात, १९५२ साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरल्या होत्या. चेन्नईत त्या स्पर्धांची आठवण आज फारशी कोणी काढत नाही. सातारा आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील कुस्तीप्रेमी मात्र ती अजून काढतात, कारण खाशाबा जाधव या पैलवानाला तेथे अवघ्या एका गुणाने मागे ठेवण्यात आले होते. तो गुण तसाच राहिला असता, तर स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्या वर्षी मिळाले नसते.

खाशाबांच्या आयुष्याची हकिगत बहुधा पदकाच्या बाजूने सांगितली जाते. ती आखाड्याबाहेरच्या बाजूने पाहिली, तर वेगळे चित्र दिसते. प्रतिस्पर्ध्यांनी त्यांना जेवढे अडवले, त्यापेक्षा अधिक अडवले ते पंचांच्या कागदाने, अधिकाऱ्यांच्या गैरहजेरीने, पैशांच्या टंचाईने आणि शेवटी एका गुडघ्याने.

गोळेश्वर ते लंडन

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः नावाजलेले मल्ल होते. पाच भावांत खाशाबा धाकटे. वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना लाल मातीत उतरवले. कराडच्या टिळक हायस्कुलात १९४० ते १९४७ या काळात त्यांचे शिक्षण झाले. १९४२च्या चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांचे निरोप पोहोचविणे ही कामेही त्यांनी केली. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले.

कोल्हापूर ही तेव्हा कुस्तीची राजधानीच होती. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान, गंगावेश आणि मोतीबाग यांसारख्या तालमी, वस्तादांच्या नजरेखाली पहाटेपासून चालणारे जोर आणि बैठका, अशा वातावरणात पैलवान घडत. खाशाबांची उंची साधारण साडेपाच फूट. शरीराने ते आडदांड नव्हते, पण अंगात चपळाई विलक्षण होती. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत धरून, त्याला आपल्या अंगावरून फिरवून जमिनीवर आणायचे, असे त्याचे स्वरूप. ढाक लागली की पंचांना विचारण्याचे कारण उरत नसे.

मातीच्या कुस्तीत राजकारण नव्हते असे मात्र समजू नये. जोड कोणाशी लावायची, इनाम किती ठेवायचे, कोणत्या तालमीचा मल्ल कोणासमोर उतरवायचा, यांवरून रुसवेफुगवे नेहमीचे होते. आधी ठरवून केलेल्या लढतीला ‘नुरा कुस्ती’ असा शब्दच प्रचलित आहे. पुढे तिकीट लावून होणाऱ्या व्यावसायिक फ्रीस्टाइल दंगलींनी देशभर गर्दी खेचली, दारासिंग आणि किंगकाँग ही नावे घरोघर पोहोचली, आणि त्या कुस्त्या खऱ्या की ठरवलेल्या हा वादही त्यांच्याबरोबर गावोगाव फिरला. असे असले तरी मातीतल्या निकाली कुस्तीचा एक मोठा गुण होता. दोन्ही खांदे मातीला टेकले, की हजारो माणसे ते एकाच वेळी पाहत. निकाल मैदानाच्या डोळ्यांसमोर लागे.

मॅटवरच्या कुस्तीत तसे नव्हते. तेथे चितपट न झालेल्या लढतीचा निर्णय तीन पंच देत. कोणाची पकड अधिक परिणामकारक, कोणी अधिक आक्रमण केले, हे ते आपापल्या कागदावर नोंदवीत. चित्रफीत पाहून फेरविचार करण्याची सोय अर्थातच नव्हती. मातीतून मॅटवर येताना खेळाची जमीन बदलली, हे सर्वांच्या ध्यानात आले. निकाल लोकांच्या डोळ्यांतून निघून पंचांच्या कागदात गेला, याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. (बातम्यांच्या मराठीत चितपट हा शब्द आता निवडणुकांच्या निकालातच अधिक भेटतो. गुणांवर विजय या शब्दप्रयोगाला मात्र अजूनही कागदाचा वास येतो.)

१९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये खाशाबा मॅटवर उतरले, तेव्हा हा सारा प्रकार त्यांना नवा होता. त्यांच्या प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. लंडनमध्ये रीस गार्डनर या माजी अमेरिकन मल्लाने त्यांना मॅटचे तंत्र शिकविले. फ्लायवेट गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांतच हरवले, अमेरिकेच्या बिली जर्निगनवरही विजय मिळविला, मात्र इराणच्या मन्सूर रईसीपुढे ते टिकले नाहीत. अखेरीस ते सहाव्या स्थानी राहिले. मॅटवर फारसा सराव नसलेल्या बावीस वर्षांच्या तरुणासाठी ही कामगिरी लहान नव्हती. स्वतः खाशाबांचे तिने समाधान झाले नाही. पुढच्या चार वर्षांत त्यांनी व्यायाम वाढविला आणि ते वरच्या, म्हणजे ५७ किलोच्या बँटमवेट गटाची तयारी करू लागले.

मद्रासचा कागद

हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी संघ निवडण्याच्या दृष्टीने १९५२च्या मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धांना महत्त्व होते. तेथे बंगालच्या निरंजन दास यांच्यापेक्षा खाशाबांना एक गुण कमी देण्यात आला आणि त्यांचे नाव मागे पडले. हा गुण जाणूनबुजून कापण्यात आला आणि निवडीत वशिलेबाजी झाली, असे खाशाबांचे म्हणणे होते. ते त्यांनी पुढेही कधी मागे घेतले नाही. कोणत्या पंचाने कोणता कागद कसा भरला, याची शहानिशा इतक्या वर्षांनंतर करता येण्यासारखी नाही, आणि दास यांना दोष देण्याचेही कारण नाही. तेही चांगले मल्ल होते आणि हेलसिंकीला भारतातर्फे लढले.

त्या काळी पंचांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची सर्वसामान्य खेळाडूपुढे कोणतीही रीतसर वाट नव्हती. बहुतेक मल्ल अशा वेळी सामान बांधून गावी परतत आणि पारावर बसून त्या पंचाचा उद्धार करीत. खाशाबांनी तसे केले नाही. भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष, पतियाळाचे महाराजा यादविंद्रसिंग यांच्याकडे त्यांनी थेट गाऱ्हाणे मांडले. महाराजा स्वतः क्रिकेटपटू होते आणि खेळाडूची व्यथा त्यांना समजत होती. त्यांनी खाशाबांना निवड चाचणीत पुन्हा संधी मिळवून दिली. या वेळी खाशाबांनी निर्णय पंचांच्या कागदापर्यंत पोहोचूच दिला नाही. प्रतिस्पर्ध्याला त्यांनी सरळ आसमान दाखविले आणि हेलसिंकीच्या संघात स्थान मिळविले.

या प्रसंगात खाशाबांना न्याय मिळाला, असे आपण सहज म्हणून जातो. तो मिळाला एका राजाच्या मर्जीने. तक्रार ऐकणारा अध्यक्ष वेगळ्या वृत्तीचा असता, तर मद्रासचा तो एक गुणच अंतिम ठरला असता. त्या काळात आणखी किती मल्लांचे गुण असे कागदावर राहून गेले असतील, याचा हिशेब कोणाकडेच नाही.

गहाण पडलेले घर

निवड झाली, पण जायचे कसे हा प्रश्न होताच. सरकारी मदत पुरेशी नव्हती. मुंबई राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे चार हजार रुपयांसाठी विनंती करण्यात आली, परंतु स्पर्धा संपल्यानंतर भेटावे अशा आशयाचे उत्तर आल्याचे सांगितले जाते. स्पर्धेनंतर त्या पैशांचा उपयोग काय होता, हे विचारण्याचे धाडस तेव्हा कोणी केले की नाही, कोण जाणे! गोळेश्वर आणि कराड परिसरातील लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी जमविली. सर्वांत मोठा आधार दिला तो राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी. आपल्या माजी विद्यार्थ्याला हेलसिंकीला पाठविण्यासाठी त्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ सालच्या सात हजार रुपयांची किंमत आजच्या वाचकाला सांगायची, तर एका प्राचार्याच्या आयुष्याची पुंजी, एवढेच म्हणता येईल.

हेलसिंकीतील स्पर्धेची पद्धत आजच्यासारखी नव्हती. त्या वेळी दंडगुण मोजले जात. चितपट विजयाला शून्य, पंचांच्या निर्णयाने मिळालेल्या विजयाला एक, तर चितपट किंवा एकमताने झालेल्या पराभवाला तीन दंडगुण मिळत. पाच दंडगुण झाले की मल्ल स्पर्धेबाहेर. म्हणजे जिंकूनही गुण साठत आणि चितपट करणाऱ्याचेच पारडे जड राही. ढाकेवर भरवसा असलेल्या मल्लाला ही पद्धत सोयीची होती. एकेक लढत मात्र पंधरा मिनिटांपर्यंत चालू शकत असे. ज्यांनी कधी अंग झोकून पंधरा मिनिटे झोंबाझोंबी केली आहे, त्यांनाच या पंधरा मिनिटांची लांबी कळेल.

खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला चितपट केले. मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्तोचीही तीच गत झाली. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झविरुद्धची लढत पंचांच्या निर्णयावर गेली आणि तीही खाशाबांनी जिंकली. पदकाच्या टप्प्यावर त्यांच्यासमोर जपानचे शोहाची इशीई आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामदबेयोव असे दोन तगडे मल्ल होते.

इशीई यांच्याबरोबरची लढत दीर्घकाळ रंगली आणि तिचा निकाल जपानच्या बाजूने लागला. खाशाबा घामाघूम होऊन मॅटवरून उतरतात न उतरतात तोच त्यांना मामदबेयोव यांच्याविरुद्ध उभे राहण्यास सांगण्यात आले. दोन लढतींमध्ये किमान तीस मिनिटांची विश्रांती देण्याचा नियम होता. तो नियम पुढे करून भांडण्यासाठी भारतीय पथकाचा एकही अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. परक्या देशात, परक्या भाषेत, धापा टाकणाऱ्या पैलवानाने पंचांशी काय वाद घालावा? खाशाबा पुन्हा मॅटवर गेले. थकलेल्या अंगाने ते लढले आणि हरले. इशीई यांना सुवर्ण, मामदबेयोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य, असा अखेरचा क्रम लागला. तो दिवस होता २३ जुलै १९५२. दुसऱ्याच दिवशी भारताच्या हॉकी संघाने नेदरलँड्सचा ६-१ असा धुव्वा उडवून सुवर्णपदक पटकावले. बलबीरसिंग यांनी त्यात पाच गोल केले. साहजिकच देशभरच्या वर्तमानपत्रांत कौतुकाचा मोठा वाटा हॉकीला मिळाला.

ती तीस मिनिटे मिळाली असती तर कांस्याचे रौप्य किंवा सुवर्ण झाले असते काय, या प्रश्नावर पश्चिम महाराष्ट्राच्या पारांवर आजवर बराच खल झाला आहे. इशीई आणि मामदबेयोव हे दोघेही जगात अव्वल होते आणि ताज्या दमाच्या खाशाबांनाही ते हरवू शकले असते, हे मान्य करावे लागेल. प्रस्तुत लेखकाला त्या जर-तरपेक्षा मोकळ्या राहिलेल्या त्या खुर्चीचे महत्त्व अधिक वाटते. आपल्या मल्लाची कुस्ती चालू असताना पथकाच्या अधिकाऱ्याने तेथे असावे, यासाठी पैसे लागत नव्हते, घर गहाण टाकावे लागत नव्हते. केवळ उपस्थिती लागत होती.

खाशाबा परतले तेव्हा कराडपासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पंधरा मिनिटांच्या वाटेला त्या दिवशी सात तास लागले, असे सांगतात. ढोल, ताशे, लेझीम, गुलाल, काही म्हणता काही कमी नव्हते. मिरवणूक संपली आणि खाशाबांना सर्वप्रथम खर्डेकरांचे गहाण पडलेले घर आठवले. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरविली, स्वतः त्यांत लढले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे कर्ज फेडले. ऑलिम्पिक पदक गळ्यात पडल्यावर त्या पदकाचा खर्च भरून काढण्यासाठी पुन्हा मातीत उतरलेला मल्ल जगाच्या क्रीडा इतिहासात क्वचितच सापडेल.

गुडघा

पैलवानाचे शरीर ही त्याची जमापुंजी आणि त्याच शरीरावर त्याचा धंदा रोज घाव घालीत असतो. घासून घासून गाठी पडलेले, मुडपलेले कान ही तर पैलवानाची ओळखच ठरते. खांदा निखळणे, बोटे मोडणे, मान आखडणे हे तालमीत नित्याचेच असते. वस्ताद मंडळी शेक, लेप आणि मालीश यांवर ते निभावून नेत. गुडघ्याचे मात्र तसे नाही. तालमीच्या हौद्यातील माती तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली असते, तिच्यात पाय रुतला तरी थोडा सरकतो. मॅटवर पाऊल घट्ट धरले जाते आणि वरचे शरीर फिरले की सारा पीळ गुडघ्यावर येतो. आतील स्नायुबंध किंवा कूर्चा फाटली, तर आजच्या दिवसांत दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते आणि काही महिन्यांत खेळाडू पुन्हा उभा राहतो. १९५०च्या दशकात भारतातील मल्लाला क्रीडावैद्यक हा शब्दही ठाऊक नव्हता. गुडघा गेला, म्हणजे कुस्ती गेली.

१९५५ साली खाशाबा मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पोलिसांच्या स्पर्धांत त्यांनी यश मिळविले, सहकाऱ्यांना कुस्तीचे धडेही दिले. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकवर त्यांची नजर होती. तेव्हा ते तीस वर्षांचे झाले असते. मॅटचे तंत्र अंगवळणी पडले होते, दोन ऑलिम्पिकचा अनुभव गाठीशी होता. मेलबर्नपूर्वीच गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि तिसऱ्या ऑलिम्पिकचे स्वप्न तेथेच संपले. मद्रासच्या गुणाविरुद्ध महाराजांकडे दाद मागता आली होती. गुडघ्याची दाद कोणाकडे मागणार?

पोलीस दलातील त्यांची सेवा सत्तावीस वर्षांची. त्यांपैकी तब्बल बावीस वर्षे त्यांना बढती मिळाली नाही, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात वारंवार नोंदविण्यात आले आहे. सहायक पोलीस आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले, पण निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. क्रीडा संघटनांनी त्यांच्या अनुभवाचा उपयोग करून घेतला असेही दिसत नाही. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या वेळी मशाल वाहून नेणाऱ्यांमध्ये त्यांचा समावेश करण्यात आला. गोळेश्वरच्या आपल्या घराचे नाव त्यांनी ‘ऑलिम्पिक निवास’ ठेवले होते. १४ ऑगस्ट १९८४ रोजी, लॉस एंजलिस ऑलिम्पिकचा समारोप होऊन दोनच दिवस झाले असताना, रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. वय ५८.

सन्मान नंतर आले. महाराष्ट्र शासनाने त्यांना शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर दिला. केंद्र सरकारचा अर्जुन पुरस्कारही त्यांच्या निधनानंतर सोळा-सतरा वर्षांनी जाहीर झाला. त्यांच्यानंतर वैयक्तिक ऑलिम्पिक पदकासाठी भारताला १९९६ पर्यंत, लिअँडर पेसच्या अटलांटातील कांस्यापर्यंत, वाट पाहावी लागली. कुस्तीतील पुढचे पदक सुशीलकुमारने २००८ साली बीजिंगमध्ये जिंकले, म्हणजे मध्ये छप्पन्न वर्षे गेली. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धांतील कुस्त्या झाल्या, त्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील सभागृहाला खाशाबांचे नाव देण्यात आले होते. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचा निर्णय २०२३ साली झाला.

गोळेश्वर येथे त्यांच्या नावाने कुस्ती संकुल उभारण्याची घोषणा राज्य शासनाने २००९ साली केली होती. ते रखडल्यामुळे २०१७ साली त्यांच्या मुलाने हेलसिंकीचे पदक लिलावात काढून त्या पैशांतून संकुल उभारण्याची तयारी दर्शविली, तेव्हा त्याची बातमी देशभर झाली.